फेरोसीन-फॉस्फीन आणि पॅलेडियम: लोटे-महाड पट्ट्यातल्या केमिस्टांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात ऑरगॅनिक घेऊन एम.एस्सी. झालेली बरीच मुलं लोटे परशुराम, महाड, रोह्याचं धाटाव नाहीतर तारापूरच्या एमआयडीसीत लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कुणीतरी हातात एक छोटी बाटली देतं. आत केशरी-लाल पावडर, किंमत बघून हात थरथरतो, आणि लेबलवर 'पॅलेडियम डीपीपीएफ डायक्लोराइड'. कार्बनचे दोन तुकडे एकमेकांना जोडून देणारा हा उत्प्रेरक, म्हणजे कॅटलिस्ट. मी लोट्याला प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये बरीच वर्षं काढली, आता चिपळूणला मुलांना शिकवते. या बाटलीबद्दलचे तेच ते प्रश्न मला फोनवर, वर्गात, कधी एसटीतही विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

डीपीपीएफ, डीपीपीएफ म्हणतात ते नक्की काय?

घरी जुनं जातं असेल तर डोळ्यासमोर आणा. खाली एक तळी, वर एक तळी, मधे खीळ. फेरोसीनची रचना तशीच आहे. पाच-पाच कार्बनची दोन सपाट कडी एकमेकांवर आणि मधोमध लोखंडाचा एक अणू. दोन कड्यांमधलं अंतर साधारण ०.३३ नॅनोमीटर. वरची तळी खिळीभोवती फिरते तसं वरचं कडंही लोखंडाभोवती अगदी सहज फिरतं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या फिरण्यात आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आता दोन्ही तळ्यांना एकेक खुंटा बसवला असं समजा. खुंट्याच्या जागी फॉस्फरस, आणि प्रत्येक फॉस्फरसवर दोन फेनिल. हे झालं १,१'-बिस(डायफेनिलफॉस्फिनो)फेरोसीन, म्हणजेच डीपीपीएफ. रेणुभार ५५४.४. करायची पद्धत कागदावर सोपी आहे: फेरोसीनवर ब्यूटिललिथियम आणि टीएमईडीए घालून दोन्ही कड्यांवर एकेक लिथियम चढवायचा, मग क्लोरोडायफेनिलफॉस्फीन घालायचं. प्रत्यक्षात ब्यूटिललिथियम हवेत पेट घेतं आणि क्लोरोफॉस्फीन ओलाव्याला लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते तयारच विकत घेतात, आणि ते बरोबर आहे.

डीपीपीएफचे दोन्ही फॉस्फरस एकाच पॅलेडियमला धरतात आणि पॅलेडियमवर दोन क्लोरीन उरतात. धातूला असं धरून ठेवणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात. बाटलीतली पावडर ती हीच.

फेरोसीन मुळात सापडलं कसं?

दुसरंच काहीतरी करायला गेले असताना. १९५१ मध्ये अमेरिकेत कीली आणि पॉसन यांना फुलव्हॅलीन नावाचं हायड्रोकार्बन हवं होतं. त्यांनी सायक्लोपेंटाडायेनिल ग्रिन्यार्ड (मॅग्नेशियमवर बसवलेला कार्बन गट) आणि फेरिक क्लोराइड एकत्र केलं, आणि हाती आले केशरी स्फटिक. हवेत टिकणारे, पाण्याला दाद न देणारे, १७३ अंशांच्या आसपास वितळणारे. कार्बन आणि लोखंड यांचा थेट बंध असलेली वस्तू इतकी धट्टीकट्टी असते हेच कुणाला पटेना. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये मिलर, टेबथ आणि ट्रिमेन यांनाही ती स्वतंत्रपणे मिळाली होती. जात्यासारखी रचना विल्किन्सन, वुडवर्ड आणि फिशर यांनी १९५२ मध्ये उलगडली. फिशर आणि विल्किन्सन यांना १९७३ चं नोबेल मिळालं.

शुद्ध फेरोसीनला कापरासारखा वास येतो, आणि कापरासारखंच ते न वितळता उडून वर जाऊन बसतं. वर्गात वॉचग्लास झाकून मंद आचेवर ठेवलं की काचेच्या आतल्या बाजूला केशरी सुया धरतात. ज्या मुलांना सूत्रं बघून कंटाळा येतो तीसुद्धा ते बघायला पुढे सरकतात.

साधं ट्रायफेनिलफॉस्फीन स्वस्त आहे. मग हा महागडा दोन हातांचा लिगंड कशाला?

अशा दोन बाजूंनी धरणाऱ्या लिगंडला कीलेट म्हणतात, आणि हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'खेकड्याची नांगी' या शब्दावरून आला आहे. आपल्याकडे वेगळं समजवायला नको. कुर्लीचे डेंगे ज्याने एकदा बोटावर घेतले आहेत त्याला एका बाजूने धरणं आणि दोन्ही बाजूंनी धरणं यातला फरक माहीत असतो. ट्रायफेनिलफॉस्फीन एका हाताने धरतं, त्यामुळे गरम द्रावणात ते सुटतं, परत लागतं, पुन्हा सुटतं. डीपीपीएफचा एक हात सुटला तरी दुसऱ्याने धरलेलं असतं.

पण दोन हात असलेले लिगंड पुष्कळ आहेत. डेंगे किती फाकतात, खरा मुद्दा तो. फॉस्फरस-पॅलेडियम-फॉस्फरस या कोनाला बाइट अँगल म्हणतात. मधे दोन कार्बनचा पूल असलेल्या डीपीपीईमध्ये तो साधारण ८५ अंश असतो, तीन कार्बनच्या डीपीपीपीमध्ये ९० च्या जवळ, आणि डीपीपीएफमध्ये सुमारे ९९. डेंगे असे फाकले की समोरच्या बाजूला पॅलेडियमवर बसलेले दोन गट एकमेकांकडे ढकलले जातात. आपल्याला नेमकं तेच हवं असतं, कारण ते दोन गट एकमेकांना जोडून सोडून देणं हे उत्प्रेरकाचं शेवटचं काम. शिवाय कडी फिरत असल्याने हा कोन ताठ राहत नाही, कामाच्या टप्प्याप्रमाणे थोडा पुढे-मागे होतो.

हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं जपानच्या हायाशी, कुमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७९ मध्ये आणि मग सविस्तर १९८४ मध्ये. त्यांचा प्रश्न होता सेकंडरी ब्यूटिल ग्रिन्यार्ड ब्रोमोबेंझीनला जोडण्याचा. साधे उत्प्रेरक वापरले की पॅलेडियमवर बसलेला ब्यूटिल गट शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सोडून देतो. मग एकतर ब्यूटीन वायू निघून जातो, नाहीतर गट उलटा बसून सरळ साखळीचं ब्यूटिलबेंझीन मिळतं. डीपीपीएफ घातल्यावर सेकंडरी ब्यूटिलबेंझीन ९५ टक्क्यांच्या आसपास मिळालं. जोडून सोडून देण्याचा वेग इतका वाढला की गटाला उलटं बसायला सवडच उरली नाही.

आत पॅलेडियम नक्की काय करतो? थोडक्यात सांगा.

तीन पावलं. आधी शून्य अवस्थेतला, म्हणजे भार नसलेला, पॅलेडियम कार्बन-ब्रोमीन बंधात घुसतो. मग ब्रोमीन जाऊन त्याच्या जागी बोरॉन, जस्त किंवा मॅग्नेशियमवरचा दुसरा कार्बन गट येतो. शेवटी दोन्ही गट एकमेकांना जोडून बाहेर पडतात आणि पॅलेडियम पुन्हा शून्यावर येऊन पुढच्या रेणूला लागतो. अशा जोडण्यांसाठीच हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल मिळालं.

बाटलीतला पॅलेडियम मात्र शून्यावर नसतो, अधिक दोनवर असतो. म्हणजे कामाला लागण्याआधी त्याला फ्लास्कमध्येच खाली उतरावं लागतं. सुझुकीत, म्हणजे बोरॉनवाल्या जोडणीत, हे काम बरेचदा तुमचं बोरॉनिक आम्लच करतं: दोन रेणू खर्च होतात, एकमेकांना जोडले जातात, आणि पॅलेडियम मोकळा होतो. हे दुहेरी जोडलेलं संयुग, ज्याला सगळे डायमर म्हणतात, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) थोडं दिसणारच. किती दिसतं ते महत्त्वाचं. पुढच्या उत्तरात त्याच्याकडे परत येऊ.

बाटलीवर 'एअर स्टेबल' लिहिलंय. मग तासभर नायट्रोजन कशाला मारायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, आणि सगळ्यात जास्त बॅचेसही याच गैरसमजाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत. बाटलीवर जे लिहिलंय ते पावडरीबद्दल आहे. कोरडी, घट्ट झाकणाची पावडर टेबलावर महिनोन्‌महिने टिकते, हे खरं. पण ती द्रावणात जाऊन गरम झाली आणि पॅलेडियम शून्यावर उतरला, की ती वस्तू वेगळी. आता तिला ऑक्सिजन चालत नाही. फॉस्फीनचा फॉस्फीन ऑक्साइड होतो, डेंगे गळून पडतात, आणि धरायला कुणी न उरलेले पॅलेडियमचे अणू एकत्र येऊन काळे होतात.

एकदा जुलैमध्ये आमची एक बॅच होती, सुझुकीच. शिफ्ट बदलायच्या वेळेला नायट्रोजनच्या लाइनवर दाब कमी पडत होता. मी तेव्हा नवीन होते. 'कॅटलिस्ट तर हवेत टिकतो' असं मनाशी म्हणून मी स्पार्जिंग (द्रवातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडणं) अर्ध्यावर थांबवलं आणि चार्जिंगला हो म्हटलं. तासाभराने साइट ग्लासमधून टॉर्च मारून बघितलं तर केशरी द्रावण कॉफीसारखं झालेलं आणि काचेच्या कडेला आरशासारखा काळपट पट्टा. रिअ‍ॅक्शन निम्म्यावर येऊन अडकली ती अडकलीच. एचपीएलसीवर डायमरचा पीक नेहमीच्या कितीतरी पट, कारण ऑक्सिजन पॅलेडियमला परत परत अधिक दोनवर नेत होता आणि दर खेपेला बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू त्याला खाली आणण्यात जळत होते. पुन्हा कॅटलिस्ट घालून ती कशीबशी ओढली, पण डायमर काढताना उतारा गेला. तो काळा पट्टा रिअ‍ॅक्टरमधून घासून काढताना मी स्वतः उभी होते.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. सॉल्व्हंट, बेस, ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल आधी. मग डिप पाइपने द्रवाच्या तळातून नायट्रोजन, प्रयोगशाळेत २० ते ३० मिनिटं, प्लांटवर त्याशिवाय निर्वात-नायट्रोजनची तीन आवर्तनं. कॅटलिस्ट सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर पुन्हा थोडा नायट्रोजन. द्रवाच्या वरून नायट्रोजन सोडून उपयोग फारसा होत नाही. विरघळलेला ऑक्सिजन आतून हुसकावा लागतो. पाणी वापरत असाल तर पाण्यालाही हेच लागू, आणि हे बहुतेक जण विसरतात.

पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते. त्याने कॅटलिस्ट बिघडतो का?

ओलाव्याने नाही. फेरोसीनचा सांगाडा पाण्याला घाबरत नाही, आणि सुझुकीला तर थोडं पाणी लागतंच. बेस विरघळायला आणि बोरॉनवरचा गट हलवायला ते मदत करतं. आषाढातल्या हवेने घोळ होतो तो बाकीच्या मालाने. पोटॅशियम फॉस्फेट आणि सीझियम कार्बोनेट उघडं राहिलं तर मिठाच्या बरणीसारखं पाझरतं, मग तुम्ही तोललेल्या वजनात पाणी किती हे कळत नाही. बोरॉनिक आम्लं पाणी घेतात आणि सोडतात, त्यांचं वजन ऋतूप्रमाणे बदलतं. ग्रिन्यार्ड आणि ऑरगॅनोझिंकची कामं असतील तर टीएचएफ या सॉल्व्हंटमधलं पाणी कार्ल फिशरवर (पाणी मोजायच्या यंत्रावर) रोज बघा, सर्टिफिकेटवर विसंबू नका.

कॅटलिस्टच्या बाटलीबद्दल एकच सांगते. ती फ्रीजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढून लगेच उघडू नका. दमट हवेत थंड बाटलीच्या आत दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा.

वजन करताना रेणुभार कोणता धरू? दोन ठिकाणी दोन दिलेत.

लेबल नीट वाचा. बाजारात दोन रूपं मिळतात. नुसतं संयुग ७३१.७, आणि डायक्लोरोमिथेनचा एक रेणू बरोबर घेऊन स्फटिक झालेलं ८१६.६. दुसऱ्याची बाटली हातात असताना पहिल्याचा आकडा धरलात तर कॅटलिस्ट दहा टक्क्यांहून थोडा जास्तच कमी पडतो. पॅलेडियमचं प्रमाण पहिल्यात १४.५ टक्के, दुसऱ्यात १३ टक्के. शिवाय औषधाच्या शेवटच्या टप्प्यात वापरत असाल तर तो डायक्लोरोमिथेन उरलेल्या सॉल्व्हंटच्या हिशेबात येतो, हे क्यूएला (गुणवत्ता विभागाला) आधीच सांगून ठेवा.

जुनी बाटली चांगली आहे का हे कसं ओळखू?

रंगावरून फार कळत नाही. विटकरी ते केशरी यातली कुठलीही छटा चांगली असू शकते. काळपट किंवा हिरवट झाली असेल तर नको. खात्री हवी असेल तर फॉस्फरसचा एनएमआर काढा. चांगल्या संयुगाचा एकच सिग्नल ३४ पीपीएमच्या आसपास येतो. मोकळं डीपीपीएफ उणे १७ च्या जवळ. २८-२९ ला काही उगवलं असेल तर तो ऑक्साइड, म्हणजे बाटली उतरली. एनएमआरची सोय नसेल तर खाली शेवटच्या प्रश्नात दिलेली रिअ‍ॅक्शन ५ मिलिमोलवर करून बघा, दुपारपर्यंत निकाल मिळतो.

आर्यल क्लोराइड घातलं तर काहीच होत नाही. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. आयोडाइड, ब्रोमाइड आणि ट्रायफ्लेट डीपीपीएफने चांगले चालतात. आर्यल म्हणजे बेंझीनसारखं कडं, आणि त्यावरच्या क्लोराइडचा बंध घट्ट असतो. त्यात घुसायला पॅलेडियमवर इलेक्ट्रॉनची रेलचेल हवी, आणि फॉस्फरसवरचे फेनिल तेवढे देत नाहीत. कड्यावर नायट्रो किंवा सायनो असेल, किंवा क्लोरोपिरिडीनसारखं काही असेल, तर डीपीपीएफने कधी कधी भागतं. साधा क्लोरोबेंझीन असेल तर लिगंड बदला.

बदलताना फेरोसीन सोडायला हवं असं नाही. फेनिलच्या जागी टर्शरी ब्यूटिल बसवले की डीटीबीपीएफ होतो. त्याचा बाइट अँगल १०४ अंशांच्या आसपास, आणि इलेक्ट्रॉन देण्यात तो बराच उदार. क्लोराइडच्या सुझुकीसाठी मी आधी तोच काढते. बुकवाल्डच्या बायआर्यल फॉस्फीनसुद्धा उत्तम. अमाइन जोडायचं असेल तर हार्टविगने १९९६ मध्ये डीपीपीएफ वापरूनच वाट मोकळी केली होती, पण आज त्या कामाला त्याहून चांगले लिगंड मिळतात.

उलट बाजूही सांगते. साधा आर्यल आयोडाइड असेल तर डीपीपीएफची गरजच नाही. ट्रायफेनिलफॉस्फीनने किंवा पॅलेडियम ऑन कार्बनने भागत असेल तर भागवा.

डीपीपीएफ नक्की कुठे सगळ्यात उपयोगी पडतं?

माझं मत विचाराल तर बोरिलेशनमध्ये, म्हणजे कड्यावर बोरॉन चढवण्यात. आर्यल ब्रोमाइड, बिसपिनाकोलाटोडायबोरॉन, पोटॅशियम असिटेट आणि डीपीपीएफचं पॅलेडियम, डीएमएसओत ८० अंशांना. मियाउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे दिलं आणि आजही नव्या केमिस्टला हीच पद्धत शिकवतात. सॉल्व्हंट बहुतेकदा डायऑक्सेन होतो, एवढाच फरक. असिटेट हा सौम्य बेस असल्याने तयार झालेलं बोरोनेट तिथेच सुझुकी होऊन संपत नाही. जोराचा बेस घातलात तर डायमरच हाती येतो. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या क्रिझोटिनिबच्या निर्मितीतही पिरॅझोलचा तुकडा जोडायला याच कॅटलिस्टची सुझुकी वापरली गेली आहे.

प्लांटवर किती कॅटलिस्ट घालायचा?

प्रयोगशाळेत २ ते ५ मोल टक्के घालतात, कारण रिअ‍ॅक्शन चालते का एवढंच बघायचं असतं. ते आकडे तसेच प्लांटवर नेऊ नका. एक हिशेब करून बघा. १०० किलो ब्रोमाइड, रेणुभार २५०, म्हणजे ४०० मोल. १ मोल टक्का म्हणजे ४ मोल कॅटलिस्ट, डायक्लोरोमिथेनवाल्या रूपात ३.२७ किलो. त्यात पॅलेडियम ४२६ ग्रॅम. मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमचा भाव औंसाला ३,००० डॉलरच्या वर गेला होता. भाव नंतर उतरला, तरी ४२६ ग्रॅम ही काही सांडून चालणारी वस्तू नाही.

ऑक्सिजन नीट काढलेला असेल, ब्रोमाइड स्वच्छ असेल, तर ०.२५ मोल टक्क्यावरही ब्रोमाइडच्या पुष्कळ सुझुकी पुऱ्या होतात. मी अर्ध्या-अर्ध्याने उतरत जाते: १, मग ०.५, मग ०.२५. जिथे वेळ दुप्पट होतो तिथे थांबते आणि एक पायरी वर येते. अगदी कड्यावर प्रोसेस ठेवू नका. एखादा ड्रम थोडा ओला किंवा गंधकाची अशुद्धी असलेला आला की बॅच अडकते. गंधकाचं लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. थायोल, थायोइथर, आधीच्या टप्प्यातला उरलेला थायोनिल क्लोराइड, यांचा किंचित अंशही पॅलेडियमला धरून बसतो.

औषधातून पॅलेडियम काढायचा कसा, आणि किती काढायचा?

किती ते आधी. आयसीएच क्यू३डी (औषधांतल्या धातूंच्या मर्यादांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे तोंडावाटे घेण्याच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, इंजेक्शनला १०, श्वासावाटे १. रोजचा डोस १० ग्रॅम धरला तर औषधात १० पीपीएम. वरच्याच बॅचमधून १०० किलो माल निघाला असं धरा: घातलेला पॅलेडियम ४२६ ग्रॅम, मालात राहायची परवानगी १ ग्रॅमची. उरलेले ४२५ ग्रॅम कुठे आहेत हे तुम्हाला माहीत असायला हवं.

काढायची पहिली पायरी रसायनांची नसून क्रमाची आहे. शक्य असेल तर कपलिंग मार्गाच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे पुढचं प्रत्येक क्रिस्टलायझेशन धातू काढत जातं. मग सक्रिय कार्बन आणि हायफ्लो या गाळायच्या पावडरीचा थर, त्याने काळा झालेला पॅलेडियम अडकतो. विरघळलेला, फॉस्फीनने धरलेला मात्र कार्बनमधून सरळ निसटतो. त्याला गंधक लागतो: सिस्टीन किंवा एन-असिटिलसिस्टीनच्या पाण्याने धुणं, ट्रायमरकॅप्टोट्रायझीन, किंवा थायोल बसवलेली सिलिका. ५०-६० अंशांना काही तास ढवळा. थंड द्रावणात घाईने केलेलं स्कॅव्हेंजिंग मी क्वचितच यशस्वी झालेलं पाहिलं आहे.

इथे डीपीपीएफची खास अडचण सांगायला हवी. आयसीपीवर (धातू मोजणाऱ्या यंत्रावर) पॅलेडियम ५ पीपीएम आला तरी माल पिवळट राहतो आणि क्यूसीवाले परत पाठवतात. तो रंग पॅलेडियमचा नाही, फेरोसीनच्या सांगाड्याचा आहे. डीपीपीएफ आणि त्याचा ऑक्साइड दोन्ही केशरी, आणि गंधकाला ते दाद देत नाहीत. ते हेप्टेन किंवा टोल्युइनच्या धुण्याने, नाहीतर योग्य सॉल्व्हंटमधल्या क्रिस्टलायझेशनने जातात. म्हणून आयसीपीला देताना पॅलेडियमबरोबर लोखंडही मागा. लोखंडाला क्यू३डीत मर्यादा दिलेली नाही, पण लिगंड गेला की नाही हे तो आकडा सांगतो.

कार्बनचा केक, एमएल, धुण्याचं पाणी: याचं काय करायचं?

काळजीपूर्वक वेगळं ठेवायचं. (एमएल म्हणजे मदर लिकर, माल गाळल्यावर उरलेला द्रव.) लोट्याजवळून वाहणारी वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते, महाडची सावित्री बाणकोटला, रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला. या तिन्ही खाड्यांवर जाळी टाकणारी माणसं राहतात. पॅलेडियम, फॉस्फीन आणि डीएमएफ हे सॉल्व्हंट यांतलं काहीही ड्रेनच्या पाण्यात 'थोडंसंच आहे' म्हणून सोडायची वस्तू नाही. माझी आई बाजारात खाडीची मासळी घ्यायची. मी प्लांटवर असताना हे कधी विसरले नाही.

पॅलेडियम असलेला केक ओला ठेवा. सॉल्व्हंट उडून कोरडा झालेला, बारीक पॅलेडियम धरलेला कार्बन हवेत आपोआप पेटू शकतो, विशेषतः मिथेनॉलची वाफ जवळ असेल तर. पाण्याने भिजवून, लेबल लावून, झाकणाच्या ड्रममध्ये. हा केक आणि पॅलेडियमवाला एमएल रिफायनरला जातो, तिथे धातू परत मिळवतात, आणि त्याचे पैसे कंपनीला परत येतात. बाकीचा घातक कचरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीनुसार, मॅनिफेस्टसकट. प्रत्येक बॅचला एक पान ठेवा: किती ग्रॅम पॅलेडियम घातला, मालात किती, केकमध्ये किती, एमएलमध्ये किती, पाण्यात किती. बेरीज जुळत नसेल तर गेला कुठे ते शोधा.

फेरोसीन लिगंड मोठ्या प्रमाणावर खरंच कुठे वापरतात का?

वापरतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण पॅलेडियमचं नाही, इरिडियमचं आहे. तोग्नी यांनी १९९४ मध्ये जोसिफॉस नावाचे लिगंड दिले. त्यांत एकाच कड्यावर फॉस्फीन आणि शेजारी आणखी एक फॉस्फीनवाला हात असतो, आणि डावं-उजवं रूप वेगळं राखलेलं असतं. नाव पडलं ते पहिल्यांदा हा रेणू बनवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या जोसी पुलेओ या तंत्रज्ञ बाईंवरून. त्याच कुळातला झायलिफॉस वापरून मेटोलाक्लोर हे तणनाशक वर्षाला १०,००० टनांच्या वर बनवलं गेलं, १९९६ पासून. त्यात कॅटलिस्टच्या एका रेणूमागे मालाचे दहा लाखांच्या घरात रेणू निघतात. जोसिफॉस पॅलेडियमबरोबरही चालतो: क्लोराइडवर अमाइन किंवा थायोल जोडायला हार्टविगने तो वापरला आहे.

हातमोजे, मास्क याबद्दल?

कॅटलिस्टची पावडर बारीक असते, तोलताना उडते, आणि पॅलेडियमची अ‍ॅलर्जी काहींना होते. हूडमध्येच तोला. पण जास्त सांभाळायचं ते बोरॉनिक आम्लांना. त्यांतली बरीच म्युटाजेनिक निघाली आहेत, आणि मुलं ती उघड्या हाताने हाताळतात. डीएमएफ गरोदर बाईने टाळावंच. डायऑक्सेन आणि टीएचएफ जुने असतील तर पेरॉक्साइड तपासल्याशिवाय आटवू नका.

पहिल्यांदा हात बसवायला कोणती रिअ‍ॅक्शन करू?

४-ब्रोमोअ‍ॅनिसोल ०.९३५ ग्रॅम (५ मिलिमोल), फेनिलबोरॉनिक आम्ल ०.७३ ग्रॅम (६ मिलिमोल), पोटॅशियम कार्बोनेट १.३८ ग्रॅम (१० मिलिमोल), डायऑक्सेन १६ मिलि आणि पाणी ४ मिलि. तळातून नायट्रोजन २५ मिनिटं. मग डायक्लोरोमिथेनवाला कॅटलिस्ट ४१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मोल टक्का. ८० अंशांना दोन-तीन तास. माल ४-मिथॉक्सीबायफेनिल, पांढरा, ९० अंशांच्या जरा खाली वितळणारा.

त्याच दिवशी शेजारच्या हॉटप्लेटवर तेच सगळं नायट्रोजन न मारता, फ्लास्कचं तोंड हवेला उघडं ठेवून करा. दर अर्ध्या तासाला दोन्हीतून थेंब घेऊन एकाच टीएलसी प्लेटवर शेजारी शेजारी लावा, हेक्झेनमध्ये थोडं इथाइल असिटेट घालून चालवा, यूव्हीखाली बघा. वर पळालेला ठिपका बायफेनिलचा, म्हणजे फेनिलबोरॉनिक आम्लाचा डायमर. त्याच्या खाली तुमचा माल. दोन्ही रांगांतला वरचा ठिपका किती गडद आहे ते बघा, आणि दोन्ही फ्लास्कच्या कडांवर काचेचा रंग काय झालाय तेही. फोटो काढून तारीख टाकून वहीत लावा.